खिडकीच्या आडून

मे महिन्यात आमच्या वाशीमला दुपारी अंगणात पाय ठेवता येत नाही. पारा ४३-४४ च्या खाली यायला तयार नसतो. अशा उन्हात पाखरं कुठं जात असतील, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो कुलरमुळे. मागच्या खिडकीतल्या कुलरची टाकी गळत होती आणि खाली भिंतीलगत हातभर ओल राहायची. आज मिस्त्री बोलवू, उद्या बोलवू म्हणता आठवडा गेला. तेवढ्यात त्या ओलीवर बुलबुलाची जोडी, सहा-सात सातभाई, एक दयाळ आणि चिमण्या असा सगळा गोतावळा जमू लागला. कुलर दुरुस्त झाला, तेव्हा त्या जागी मातीचा परळ ठेवला. आमच्या बागेत पाखरं आली ती अशी.

दाण्यापेक्षा पाणी महत्त्वाचं, हे आधी सांगते. परळ पसरट असावा, दोन इंचांहून खोल नको, आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा म्हणजे चिमणीला पाय टेकता येतो. सावली हवी, पण झुडपाला खेटून ठेवू नका. मांजर तिथंच दबा धरून बसतं. चार-पाच हात मोकळी जागा असली की पाखराला उडायला वेळ मिळतो. रोज फजरनंतर शिळं पाणी झाडाला घालायचं, परळ नारळाच्या शेंडीनं घासायचा आणि ताजं पाणी भरायचं. साबण नको. पाणी बदललं नाही तर डासच पाळल्यासारखं होतं.

दाण्याचं म्हणाल तर आमच्या जिल्ह्यात ज्वारी मागे पडली आणि जिकडेतिकडे सोयाबीन आलं. चिमणीनं सोयाबीन काय करावं? ज्वारीची चार कणसं जुडी बांधून ओसरीत टांगली, तर दोन दिवसांत चिमण्यांची भांडणं सुरू झाली. मीठ घातलेला शिळा भात, फरसाण, बिस्किटं मात्र टाकू नका. दयाळ आणि सातभाई यांना तर मुख्यतः किडे हवेत. म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायचा नाही आणि फवारणी करायची नाही. शेवगा फुलला की शिंजीर आपोआप येतो. पेरूची वरची फळं आम्ही काढत नाही. झाडाचं फळ पाखरानं खाल्लं तरी लावणाऱ्याच्या नावे सदका होतो, ही हदीस सासूबाई दरवर्षी ऐकवतात, विशेषतः मी पेरूवर जाळी टाकायला निघाले की.

फोटोचा नाद नंतर लागला, आणि त्यातच आमच्या हातून चूक झाली.

मागच्या पावसाळ्यात शिंप्यानं आमच्या अंजिराच्या पानात घरटं केलं. हा पक्षी आपल्या अंगठ्याएवढा. पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडतो, कापसाच्या आणि कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यानं कडा टाचतो आणि आत मऊ कापूस भरतो. आत चार पिल्लं होती. धाकटी आणि मी दिवसातून तीनदा हातानं पान वाकवून मोबाइल आत धरायचो. चौथ्या दिवशी सकाळी टाके सुटलेले, पान उघडं लोंबतंय, आत कापूस आहे, पिल्लं नाहीत. कावळ्यानं नेली की मांजरानं, कोण जाणे. नर-मादी दिवसभर त्या फांदीवर येत-जात ओरडत होती. आमच्या मोबाइलमध्ये पिल्लांचे एकतीस फोटो होते.

सासूबाई रागावल्या नाहीत. एका सफरीत काही सहाबांनी पाखराची पिल्लं उचलली, आई वर फडफडू लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती परत ठेवायला सांगितली, एवढंच त्यांनी धाकटीला सांगितलं. आमच्याकडे परत ठेवायला काही नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्याचं घरटं छेडणं ‘शिकार’ या व्याख्येतच धरलं आहे, हे मला नंतर कळलं. (पिंजऱ्यातल्या मिठूलाही तोच कायदा लागू आहे, पण तो विषय काढला तर मोहल्ल्यातली अर्धी घरं रुसतील.)

डॉ. सालिम अली यांची सुरुवात तर छर्‍याच्या बंदुकीनं झाली. मुंबईत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढणारा हा मुलगा चिमण्या मारायचा. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खाणं जायज आहे का, अशी शंका आली म्हणून तो ती मामांकडे घेऊन गेला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवलं, आणि तिथं त्याचं आयुष्य बदललं. ती पिवळ्या कंठाची चिमणी आपल्या विदर्भातही दिसते. मला मात्र त्यांचं किहीमचं काम जास्त आवडतं. १९३० साली हाताला नोकरी नव्हती. पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहत होते. तिथं त्यांनी महिनोन्‌महिने सुगरणींची वसाहत न्याहाळली. नर घरटं अर्धंच विणतो, मादीनं पसंत केलं तर पूर्ण करतो, ती अंड्यांवर बसली की दुसऱ्या घरट्याला लागतो. हे कळायला बसून राहावं लागतं.

आता आम्हीही बसतो. पाण्याच्या परळाशेजारी बोरीची वाळकी फांदी रोवली आहे. पाखरू पाण्यावर उतरण्याआधी तिथं टेकतं. समोरच्या खिडकीला गडद पडदा आहे, त्याला कॅमेऱ्याएवढी फट. सकाळी सात ते साडेआठ ऊन आपल्या पाठीमागून येतं, तेव्हा रंग खरे दिसतात. पाखराच्या डोळ्यावर नेम धरायचा. डोळा स्पष्ट आला की बाकीचं चालून जातं. कॅमेरा नसेल तर मोबाइल विटेला टेकवून परळाजवळ ठेवा, व्हिडिओ चालू करा आणि घरात निघून जा. वीस मिनिटांत कुणीतरी येतंच; नंतर त्यातलं हवं ते चित्र वेगळं काढता येतं. फ्लॅश नको. मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही नको. दुसरा नर हद्दीत शिरला असं समजून ते बिचारं घरटं सोडून भांडायला धावतं.

यंदा पाऊस लागल्यावर शिंपी पुन्हा अंजिरावर आला. धाकटीनं खिडकीतूनच त्याचा एक फोटो काढला. एक पान आणि पानामागून वर आलेली शेपटी, बस्स. घरटं कुठल्या पानात आहे ते आम्हाला नीट माहीत नाही. परवा मी पडदा बाजूला सारून बघायला गेले, तर मागून आवाज आला, ‘‘अम्मी, पडदा सोड.’’