सनद आणि शील

गृहस्थ मनुष्य आपल्या आयुष्यांत बहुधा एकदांच घर बांधतो किंवा विकत घेतो, आणि त्या एका व्यवहारांत जन्माची कमाई खर्ची घालतो. दहा ग्रॅम सोनें घ्यावयाचें असेल तर तो चार पेढ्या हिंडतो, हॉलमार्कचा शिक्का निरखून पाहतो आणि पावती कपाटांत जपून ठेवतो. घराच्या बाबतींत मात्र फरशीचा रंग, दिवाणखान्याची खिडकी आणि स्वयंपाकघरांतला ओटा पाहून त्याचें समाधान होतें. ज्या सळईवर मुलाबाळांचे प्राण तोलले जाणार, ती तोंवर गिलाव्याच्या आड गेलेली असते. आणि ती कोणीं बांधली, कोणाच्या देखरेखीखालीं बांधली, हें विचारण्याचें त्याला सुचत नाहीं. या महिन्यांत याच प्रश्नाचा थोडा विचार करावा असें आम्हीं योजलें आहे.

आमच्या नवी पेठेंत आणि सोलापुरांतील इतर जुन्या पेठांत वाडे उतरवून त्या जागीं मजल्यांवर मजले चढत आहेत. काळाप्रमाणें हें होणारच. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पूर्वी गवंडी आणि मालक एकमेकांना ओळखत. काम बिघडलें तर त्याच गल्लींत पुन्हां तोंड दाखविणें गवंड्याला जड जाई. ही लाज हीच त्या काळची सनद होती. आज पैसा घालणारा एक, आराखडा काढणारा दुसरा, सळईचा हिशेब करणारा तिसरा, ठेकेदार चौथा, आणि प्रत्यक्ष घाम गाळणारे मजूर परप्रांतींचे. घर घेणाऱ्याची गांठ पडते ती विक्रीच्या कचेरींतील माणसाशीं. ओळखीची जागा कागदानें घेतली आहे. म्हणून त्या कागदाचें मोल काय, हें पाहणें अवश्य झालें आहे.

जुनी ओळखही पुरेशी नव्हती, हें आपल्या भागानें फार मोठी किंमत देऊन जाणलें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास, गणपतिविसर्जनाची रात्र सरत असतां, किल्लारीचा भूकंप झाला. त्याचा धक्का सोलापुरालाही जाणवला. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें मेलीं. त्यांतील बहुतेकांचा प्राण घरांच्या भिंतींनीं घेतला. मातींत रचलेल्या दगडांचीं दोन तोंडें, मध्यें गोट्यांची भर, दोन्हीं तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाहीं, आणि वर उन्हापासून रक्षणासाठीं माळवदाच्या मातीचे जाड थर. हीं घरें बांधणारे लोक अप्रामाणिक नव्हते. त्यांचींही लेंकरें तशाच घरांत निजलीं होतीं. त्यांच्या ठायीं शील होतें, कष्ट होते. भूकंपाचें शास्त्र त्यांच्यापर्यंत कोणीं पोंचविलें नव्हतें.

आतां याच्या उलट उदाहरणें पाहा. ठाण्याजवळ मुंब्र्याच्या शिळफाटा भागांत ४ एप्रिल २०१३ रोजीं परवानगीवांचून उभी होत असलेली सात मजली इमारत कोसळली आणि ७४ जण दगावले; त्यांत मजुरांचीं मुलें पुष्कळ होतीं. महाड येथें २४ ऑगस्ट २०२० रोजीं पांच मजली इमारत पडून १६ जणांचा अंत झाला. ती बांधून दहा वर्षेंही झालीं नव्हतीं. येथें ना धरणीकंप, ना महापूर. बीम आणि कॉलम कसे असावे हें शास्त्र सर्वांना उपलब्ध होतें, पुस्तकें छापलेलीं होतीं, जाणते लोक हांकेच्या अंतरावर होते. उणीव होती ती दुसऱ्याच गोष्टीची.

अकराव्या शतकांतील धारचा राजा भोज याच्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या वास्तुग्रंथांत स्थपतीच्या ठायीं चार गोष्टी असाव्या असें सांगितलें आहे : शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील. शास्त्र जाणणारा पण कामाचा अनुभव नसलेला मनुष्य ऐन वेळीं रणांगणावरील भित्र्यासारखा गांगरतो, असें तो ग्रंथ म्हणतो. आणि शास्त्रांत श्रम न करतां अहंकारानें बांधीत सुटणारा तर त्याच्या मतें लोकांचा अकालमृत्युच होय. किल्लारीस पहिलें अंग उणें पडलें, मुंब्र्यास चौथें. चारांपैकीं एक जरी गेलें तरी मरण तेंच.

आमचें उभें आयुष्य मुलांच्या परीक्षा घेण्यांत आणि त्यांच्या दाखल्यांवर ‘वर्तणूक चांगली’ असें लिहिण्यांत गेलें. शास्त्र तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेंत तपासतां येतें. कर्म महिनाभर कामावर ठेवून पाहतां येतें. प्रज्ञाही थोडीबहुत कळते. शील मात्र मोह समोर उभा राहीपर्यंत कोणासच दिसत नाहीं. मग प्रमाणपत्राचा उपयोग काय? आमचें उत्तर असें कीं, सनदेची खरी किंमत ती मिळण्यांत नाहीं. ती जाऊं शकण्यांत आहे. वकील आणि डॉक्टर आपल्या सनदेस जपतात, कारण गैरवर्तनानें ती हातची जाते आणि तिच्याबरोबर पोटाचें साधनही जातें. जी सनद कोणी काढून घेऊं शकत नाहीं, ती भिंतीवरची तसबीर समजावी.

या कसोटीवर आपल्या देशांतील बांधकामाचा धंदा पाहूं. वास्तुविशारदांसाठीं १९७२ चा कायदा आहे; त्यांची परिषद नोंदवही ठेवते आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास नांव कमी करूं शकते. स्थापत्य अभियंत्यांसाठीं मात्र असा सबंध देशाचा कायदा झालेला नाहीं. त्यांना परवाना देतात त्या नगरपालिका आणि महानगरपालिका. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यामुळें महाराष्ट्रांत महारेरा हें प्राधिकरण उभें राहिलें. ताबा मिळाल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधणींत दोष आढळला आणि तो कळविला, तर तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर आहे. याच महारेरानें २०२३ सालीं घरांच्या दलालांसाठीं शिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, हें योग्यच झालें. पण गंमत अशी कीं, घर विकणाऱ्या दलालास परीक्षा आहे, आणि त्या घराची सळई बांधणाऱ्या मिस्त्रीस ती नाहीं!

त्या मिस्त्रीचा अव्हेर करावा असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आपल्याकडील वडार, बेलदार, पाथरवट यांच्या हातांत पिढ्यांचें कसब आहे. काम करतां करतां शिकलेल्याची परीक्षा घेऊन त्यास प्रमाणपत्र देण्याची सोय आतां सरकारच्या कौशल्य विकास योजनेंत झालेली आहे. तिचा लाभ अशा कारागिरांस मिळाला, तर ठेकेदारासमोर ‘एवढें पाणी घातलें तर कॉंक्रीट कच्चें राहील’ असें सांगण्यास त्यांच्या शब्दाला वजन येईल. प्रमाणपत्र हें अशा रीतीनें अंकुशाचें तसेंच आधाराचेंही काम करतें.

कोणी म्हणेल, आमच्या सोलापुरांत जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांच्यापाशीं कोठें अभियंत्याची पदवी होती? तरी त्यांनीं बोरघाटांतील बोगदे पाडविले आणि १९२६ सालीं हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. खरें आहे. परंतु शेठजींनीं धाडस आणि भांडवल पुरविलें. हिशेब करण्यासाठीं अभियंते नेमले. कोणतें काम आपलें नव्हे हें ओळखणें हाही शीलाचाच भाग होय.

कॅनडांत १९०७ सालीं क्वेबेकचा पूल बांधतांनाच कोसळून ७५ कामगार मेले. तेथें १९२५ पासून नवे अभियंते एका विधींत प्रतिज्ञा करून करंगळींत साधी लोखंडी अंगठी घालतात. लिहित्या हाताची ती अंगठी कागदावर घासते आणि सही करतांना प्रतिज्ञेची आठवण देते. आपल्याकडे उपनयनांत मेखला बांधतात तिचा हेतु याहून निराळा नाहीं.

सगळा दोष बांधणाऱ्यांच्या माथीं मारून मोकळें होणें मात्र बरोबर नव्हे. ‘आणखी एक मजला चढवूं, सहीचें तेवढें जमवा,’ असें अभियंत्यास सांगणारे पुष्कळदां तुम्हांआम्हांसारखे पांढरपेशे गृहस्थच असतात. देवपूजा न चुकविणारा मनुष्य येथें मात्र खोटी सही विकत मागतो. विकणारा पापी, तर घेणारा पुण्यवान कसा?

म्हणून वाचकांनीं तीन गोष्टी कराव्या. घर ठरविण्यापूर्वी वास्तुविशारद आणि आरसीसीचा हिशेब करणारा अभियंता यांचीं नांवें आणि परवाने पाहावे. ते कामावर किती वेळां आले, कॉंक्रीटचे ठोकळे २८ दिवसांनीं दाबून तपासले कीं नाहीं, सोलापूरच्या उन्हांत स्लॅबवर निदान दहा ते चौदा दिवस पाणी मारलें कीं नाहीं, हें विचारावें. आणि कसूर दिसल्यास भिडेखातर गप्प न बसतां तक्रार करावी. तक्रारीवांचून सनद जात नाहीं, आणि जाण्याचें भय नसेल तर ती राखलीही जात नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरोघरीं आज स्थापत्य शिकणारीं मुलें आणि मुली आहेत. त्यांतील एखाद्यास पहिल्याच नोकरींत काम न पाहतां सही करण्याचा आग्रह होईल. त्या संध्याकाळीं तो घरीं येऊन वडिलांना विचारील. ‘सगळेच करतात’ असें उत्तर मिळालें, तर त्याच्या चार वर्षांच्या विद्येवर पाणी पडलें. ‘नोकरी गेली तर दुसरी पाहूं, सही करूं नको’ असें सांगणारे वडील त्या इमारतींत राहावयास येणाऱ्या अनोळखी कुटुंबांचे प्राण राखतील.