सायकलस्वाराचे उघडे डोके

सकाळी सातच्या सुमारास अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातून जाणाऱ्या मनमाड रस्त्यावर सायकलींची वर्दळ पाहिली, तर तीन तऱ्हेची माणसे ओळखू येतात. हँडलला डबा अडकवून नागापूरच्या एमआयडीसीकडे निघालेला कामगार, पाठीवर दप्तर घेऊन शिकवणी गाठणारी पोरे, आणि गियरच्या सायकलीवर वाकून व्यायामाला निघालेली हौशी मंडळी. हेल्मेट असते ते बहुतेक या तिसऱ्यांच्या डोक्यावर. उद्या प्रेमदान चौकात किंवा प्रोफेसर कॉलनीच्या वळणावर एखाद्या टेम्पोने पहिल्या दोघांपैकी कोणाला उडवले, तर नुकसानभरपाईचा दावा उभा राहील आणि त्याला उत्तर देताना विमा कंपनीच्या कैफियतीत एक वाक्य हमखास बसण्यासारखे आहे : सायकलस्वाराने हेल्मेट घातले नव्हते, सबब दुखापतीला तो स्वतःही जबाबदार आहे. वाक्य दिसायला साधे आहे आणि सामान्य माणसाला पटकन पटतेही. माझे म्हणणे असे की, सायकलस्वाराच्या बाबतीत या वाक्याची किंमत शून्य धरूनच सुरुवात व्हायला हवी. ती शून्याच्या वर न्यायची असेल, तर पुराव्याचे ओझे पूर्णपणे विमा कंपनीने वाहायचे.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १२९ हेल्मेटची सक्ती करते ती मोटारसायकलवर बसणाऱ्याला. पगडी बांधलेल्या शीख माणसाला तिथेच सूटही देते. कलम १९४-ड मधला एक हजार रुपयांचा दंड आणि तीन महिने परवाना निलंबन हेही मोटारसायकलवाल्यासाठीच. पायडल मारून चालणारी सायकल या कायद्याच्या भाषेत मोटार वाहन नाहीच. ठरावीक निकषांत बसणारी, पाव किलोवॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी बॅटरीची सायकलसुद्धा त्यातून वगळलेली आहे. म्हणजे सावेडीतला सायकलवाला उघड्या डोक्याने निघतो तेव्हा तो कोणताही नियम मोडत नाही. उलट धडक देणाऱ्या गाडीच्या विम्यापुढे तो ‘थर्ड पार्टी’ असतो, आणि थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे तो नेमका अशांसाठी. त्याच्या स्वतःच्या सायकलीला विमा नसतो. त्या टेम्पोची पॉलिसी हाच त्याच्या घरच्यांचा एकमेव आधार. त्यातून वीस टक्के कापले, तर ते भरून यायला दुसरी जागा नाही.

यावर लगेच विचारले जाईल की, कायद्याने सक्ती केली नाही म्हणून काळजी घेऊच नये का? आक्षेप वजनदार आहे. वाजवी काळजी ही कलमांत लिहिलेली नसली, तरी कोर्ट ती प्रत्येकाकडून अपेक्षितच धरते. अंधारात दिव्याशिवाय सायकल चालवणारा किंवा उलट्या दिशेने घुसणारा स्वतःच्या अपघाताला हातभार लावतो, आणि त्याची भरपाई कमी होते. मुंबई महापालिका विरुद्ध लक्ष्मण अय्यर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये बसच्या अपघातात मरण पावलेल्या अठरा वर्षांच्या सायकलस्वारावर २५ टक्के जबाबदारी टाकली होती. पण तो ठपका सायकल कशी चालवली यावरचा होता, डोक्यावर काय होते यावरचा नव्हे. या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. चुकीच्या बाजूने येणे धडक घडवते. उघडे डोके कोणतीही धडक घडवत नाही. फार तर धडकेनंतरची इजा वाढवते. म्हणून ‘अंशदायी निष्काळजीपणा’ (कोर्टाच्या आवारात सगळे ‘कॉन्ट्रिब्युटरी’च म्हणतात) हा एकच शब्द दोन्हींना लावला, की विचार घसरतो.

हा घसरता विचार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मोहम्मद सिद्दिकी खटल्यात सावरला. एका मोटारसायकलवर तिघे बसलेले, गाडीची धडक बसली आणि मागे बसलेला तेवीस वर्षांचा तरुण गेला. तिघे बसणे हा उघड नियमभंग. त्यापायी उच्च न्यायालयाने भरपाईत दहा टक्के कपात केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. नियम मोडला एवढ्यावरून कपात होत नाही. त्या नियमभंगाचा अपघाताशी किंवा इजेच्या तीव्रतेशी कार्यकारणसंबंध पुराव्याने दाखवावा लागतो, असा त्या निकालाचा रोख आहे. नियम मोडणाऱ्याला जर हे संरक्षण मिळते, तर ज्याने नियमच मोडला नाही त्या सायकलस्वाराला ते त्याहून कमी कसे मिळेल? काही उच्च न्यायालयांनी हेल्मेट नसलेल्या मोटारसायकलस्वारांची भरपाई कमी केली आहे, हे खरे. पण तिथे निदान एक कलम मोडलेले असते. ते निकाल उचलून सायकलीवर बसवणे म्हणजे शेजाऱ्याच्या मापाचा सदरा आपल्या अंगात कोंबण्यासारखे आहे.

परदेशी कोर्टांनीही या प्रश्नावर डोके खाजवले आहे. इंग्लंडमध्ये सीटबेल्टच्या ‘फ्रूम विरुद्ध बुचर’ या १९७५ च्या निकालाने एक मोजपट्टी घालून दिली : पट्ट्याने इजा पूर्ण टळली असती तर २५ टक्के कपात, बरीच कमी झाली असती तर १५, आणि काहीच फरक पडला नसता तर कपात नाही. २००९ च्या ‘स्मिथ विरुद्ध फिंच’ खटल्यात न्यायाधीशांनी ही मोजपट्टी सायकलच्या हेल्मेटलाही लागू शकते असे तत्त्वतः मान्य केले. पण हेल्मेटने फरक पडला असता हे धडक देणाऱ्याला सिद्ध करता आले नाही, म्हणून एक पैसाही कापला नाही. जर्मनीचे सर्वोच्च दिवाणी न्यायालय २०१४ मध्ये आणखी पुढे गेले. उभ्या मोटारीचे दार अचानक उघडल्याने एक सायकलस्वार बाई पडून डोक्याला गंभीर मार लागला होता. खालच्या कोर्टाने तिच्यावर २० टक्के ठेवले. वरच्या कोर्टाने ते पुसून टाकले. कारण असे की अपघात झाला त्या २०११ साली तिथल्या गावा-शहरांत जेमतेम ११ टक्के सायकलस्वार हेल्मेट घालत होते, तेव्हा हेल्मेट ही समाजाने मान्य केलेली वाजवी काळजी होती असे म्हणताच येत नाही. जर्मनीसारख्या देशात हे, तर पाइपलाइन रोडवर किंवा भिस्तबाग चौकात काय म्हणायचे? वाजवीपणा हा त्या-त्या जागच्या सामान्य, सावध माणसावरून मोजायचा असतो. आपल्याकडचा सामान्य, सावध सायकलस्वार घंटी वाजवतो, डावीकडून जातो, मागे लाल रिफ्लेक्टर लावतो. हेल्मेट त्याच्या सवयीतही नाही आणि बहुधा खिशाच्या हिशेबातही नाही.

आता सगळ्यात भक्कम आक्षेप. हेल्मेट खरोखर उपयोगी आहे. २०१६ साली ऑलिव्हिए आणि क्रेटन या संशोधकांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, हेल्मेट घातलेल्यांत डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी असते. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि जो घालू शकतो त्याने जरूर घालावे. पण हा आकडा समूहाचा आहे. न्यायाधिकरणापुढे उभा असतो एक माणूस आणि त्याची एक कवटी. शिवाय सायकलचे हेल्मेट कशासाठी बनते तेही पाहावे. युरोपीय मानकाच्या चाचणीत ते सपाट पृष्ठभागावर आदळवले जाते ते ताशी साधारण वीस किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे सायकलवरून माणूस स्वतः पडला तर डोके जितक्या जोराने जमिनीवर येईल त्याच्या आसपास. मागून साठच्या वेगाने आलेल्या मालट्रकचा हिशेब त्या फोमच्या कवचात केलेला नाही. मांडीचे हाड मोडले, बरगडी फुप्फुसात घुसली, तर हेल्मेटचा प्रश्नच येत नाही. डोक्यालाच मार असेल, तर कोणता मार, कोणत्या बाजूचा, किती वेगाचा, हे न्यूरोसर्जनने साक्षीच्या पिंजऱ्यात सांगायला हवे. कैफियतीतली एक ओळ म्हणजे वैद्यकीय पुरावा नव्हे. आणि निव्वळ ‘डोके झाकले असते तर वाचला असता’ हाच तर्क चालवायचा, तर पायी चालणाऱ्यालाही तो लागू होतो. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर गेली. त्यांत सायकलस्वार साधारण तीन टक्के आणि पादचारी जवळजवळ वीस टक्के. त्या पादचाऱ्यांच्या वारसांना हेल्मेटबद्दल कोणी विचारत नाही, विचारले तर हसू होईल.

कपात झाली तर लोक हेल्मेट घालायला लागतील, असेही सुचवले जाते. पुण्यात मोटारसायकलींच्या हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समित्या निघाल्या, मोर्चे निघाले. २०१९ च्या जानेवारीत सक्ती कडक झाली तेव्हाही वाद पेटला. समोर उभ्या पोलिसाच्या दंडाला जी माणसे बधत नाहीत, ती चार वर्षांनंतरच्या निकालातल्या टक्केवारीला भिऊन हेल्मेट विकत घेतील, हे मला तरी पटत नाही. कपातीचा फायदा होतो फक्त धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला. एक सवलत मात्र मी देतो. हौशी गटातला, वेगाने जाणारा सायकलस्वार हलक्या धक्क्याने पडला, इजा केवळ डोक्यालाच झाली आणि हेल्मेटने ती टळली असती असे डॉक्टरने ठामपणे सांगितले, तर थोड्या कपातीचा विचार होऊ शकतो. असा दावा क्वचितच उभा राहील.

खरी भीती निकालपत्रापेक्षा तडजोडीच्या टेबलाची आहे. लोकअदालतीत आकडा ठरत असताना ‘हेल्मेट नव्हते ना?’ हा प्रश्न कोणी सहज टाकला आणि शोकात बुडालेल्या घरच्यांनी मान खाली घातली, की पुरावा न देताच कपात वसूल होते. त्या क्षणी कलम १२९ मोटारसायकलचे आहे, एवढे त्यांच्या वकिलाने बोलायलाच हवे. कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात ते चूक कोणाची हे न काढता. तिथे तर हा प्रश्न विचारण्यासारखाही नाही. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार, तालुका-उपविभाग पातळीवरच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करून. टेम्पो नव्हे तर खड्डाच कारण असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने मृत्यूला सहा लाख आणि जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख अशी भरपाई ठरवली आहे.

दावे पडतात ते वेगळ्याच गोष्टींवर. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ खालच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, आणि घरातला कमावता माणूस आयसीयूत असताना सहा महिने कसे सरतात ते कळत नाही. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर ‘सायकलवरून पडला’ एवढेच लिहिले जाते आणि धडक देणारी गाडी नोंदीतूनच गळते. रोजंदारीवरच्या माणसाकडे उत्पन्नाचा कागद नसतो. आणि मोडकी सायकल तर स्पॉट पंचनाम्यात धड मांडली जाण्याआधीच भंगारवाल्याकडे जाते. मागचा मडगार्ड आत दबला आहे की पुढचे चाक पिळले आहे, एवढ्यावरून धडक मागून बसली की समोरून हे सांगता येते.