वेदीवरचा प्रभू आणि वावरातला गडी



या पानावर एरवी खत, बियाणे आणि दुखणीखुपणी यांच्या गोष्टी असतात. आज आम्ही पवित्र मिस्साविषयी लिहीत आहोत, कारण हा विषय वावराचाही आहे.

आपल्यात दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. कोणी म्हणतो, "देव सगळीकडे आहे, मग रविवारी काम सोडून चर्चमध्ये कशाला?" दुसरा म्हणतो, "देव चर्चमध्ये. वावर हा धंदा आहे, तिथे धर्म आणू नका." आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे.

पोप सहावे पॉल यांनी ३ सप्टेंबर १९६५ रोजी 'मिस्तेरियुम फिदेई' हे परिपत्रक काढले. त्यात त्यांनी सांगितले की ख्रिस्त आपल्या मंडळीत अनेक प्रकारे हजर असतो. मंडळी प्रार्थना करते तेव्हा तो असतो, ती दयेची कामे करते तेव्हाही असतो. मात्र ख्रिस्तप्रसादातली त्याची उपस्थिती सर्वांत श्रेष्ठ होय. म्हणजे चर्चमध्ये येणे चुकवून चालत नाही. अम्माऊसच्या वाटेवर शिष्य प्रभूबरोबर कितीतरी चालले, पण त्याने भाकर मोडली तेव्हा त्यांना ओळख पटली. ही ओळखण्याची नजर आपल्याला वेदीपाशीच मिळते.

पण नजर मिळाली की ती बाहेर वापरावी लागते. चौथ्या शतकात अंत्युखियात संत योहान ख्रिझोस्तोम यांनी लोकांना बजावले होते की, चर्चमध्ये ख्रिस्ताला रेशीम पांघरता आणि दाराबाहेर तोच थंडीत उघडा असता त्याच्याकडे पाहत नाही, हे बरे नव्हे. 'हे माझे शरीर' असे जो म्हणाला, त्यानेच 'मी भुकेला होतो' असेही सांगितले आहे.

शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर याचेच उदाहरण घ्या. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर राबणारा तो साधा गडी. नांगर धरण्याआधी तो मिस्साला जाई, असे सांगतात. १६२२ साली चर्चने त्याला संत म्हणून जाहीर केले. १५ मे हा त्याचा सण, आपल्याकडे पेरणीची तयारी चाललेली असते तेव्हाचा. शेतकऱ्यांसाठी आदर्श म्हणून चर्चने जमीनमालक नव्हे, त्याचा गडी पुढे ठेवला, हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्या मोहगाव परिसराकडे पाहू. इथे पऱ्हाटी आहे, संत्र्याच्या बागा आहेत, आणि त्यांवर औषध फवारणारा बहुधा रोजाचा मजूर असतो. २०१७ साली शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली की औषध तोंडावर येते. ख्रिस्तप्रसादाचा कण खाली पडला तर आपण आदराने उचलतो. मग ज्याच्यात प्रभू भेटतो, तो माणूस उघड्या हातांनी विष कालवत असताना आपण धुऱ्यावर स्वस्थ बसावे काय?

म्हणून आमचे सांगणे असे. पंप हाती देण्याआधी मालकाने हातमोजे, मास्क, चष्मा आणि अंगभर कपडे द्यावेत. वारा तोंडावर येत असेल तर फवारू नये. दोन-तीन औषधे मनाने मिसळू नयेत. औषध लागलेल्या हाताने तंबाखू-बिडीला हात लावू नये. काम संपले की साबणाने अंग धुवावे, कपडे वेगळे धुवावेत. रिकामा डबा घरात पाण्यासाठी वापरू नये. मळमळ, चक्कर, अति घाम, तोंडाला लाळ किंवा डोळ्यांपुढे अंधुक, असे काही झाले तर कपडे उतरवून अंग धुवावे आणि औषधाच्या डब्यासकट लगेच दवाखान्यात न्यावे. त्या दिवसाची मजुरी कापू नये.

हा खर्च आहे खरा, आणि भाव पडला की तो जड वाटतो. तरी मजुराचा जीव हा काटकसरीचा विषय नव्हे. रविवारी 'ख्रिस्ताचे शरीर' या शब्दांना आपण 'आमेन' म्हणतो. सोमवारी सकाळी गड्याला हातमोजे देणे हाही त्याच आमेनचा भाग आहे.