सोडायचा असेल तर आधी बोला

तर झालं असं, की गेल्या डिसेंबरात मॉरिशसला गेलो होतो. बायकोने बीचवर पुस्तक वाचायचं ठरवलं आणि मी मार्लिन पकडायचं. ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसून बग पकडतो, इथे खुर्चीत बसून मासा पकडायचा, त्यात काय एवढं! :)

सकाळी ब्लॅक रिव्हरहून बोट सुटली. बेटाचा हा पश्चिम किनारा आग्नेय वाऱ्याच्या आडोशाला आहे, त्यामुळे सुरुवातीला पाणी अगदी पाषाण तलावासारखं शांत. ल मॉर्नचा डोंगर मागे पडला, आडोसा संपला आणि माझी मस्ती उतरली. शेजारची बोट लाटांमागे चक्क गायब व्हायची. अर्ध्या तासात मला बोट लागली आणि हॉटेलचा नाश्ता हिंदी महासागराला अर्पण झाला. त्या नाश्त्यात स्मोक्ड मार्लिनच्या पातळ चकत्या होत्या, हे आत्ताच सांगून ठेवतो.

साडेदहाच्या सुमारास रीळ किंचाळलं. खलाशाने मला खुर्चीत पट्ट्यांनी बांधलं आणि रॉड हातात दिला. पुढची पन्नास मिनिटं मी मर्दुमकी गाजवली असं मित्रांना सांगतो, पण खरं काम तांडेलाचं होतं. त्या खवळलेल्या पाण्यात तो बोट रिव्हर्समध्ये माशाकडे नेत होता, मागून लाटा आत येत होत्या, आणि दोर सैल पडला की मी फक्त हँडल फिरवत होतो.

मग तो वर आला. निळाजांभळा, अंगावर फिकट पट्टे, आणि थकलेला. खलाशाने हातमोजे घालून शेवटची जाड दोरी हाताला गुंडाळली. "दोनशे किलोच्या वर," तांडेल म्हणाला. दुसऱ्याने लोखंडी आकडा उचलला तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं, "सोडू या ना?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अशा बऱ्याच बोटींवर मासा गिऱ्हाईकाचा नसतो, बोटीचा असतो. तो विकून चार पैसे मिळतात. हे मला आधी विचारता आलं असतं. मी विचारलं होतं ते फक्त लंच मिळेल का. आकडा खाली आला. त्यांची चूक नव्हती.

रात्री हॉटेलवर वाचत बसलो. निळ्या मार्लिनचा नर क्वचितच १६० किलोच्या पुढे जातो. म्हणजे आम्ही ज्याला 'तो' म्हणत होतो ती मादी होती. एका विणीत लाखो अंडी घालणारी. मोठ्ठा मासा पकडल्याचे जे फोटो जगभर मिरवतात, त्यातले जवळजवळ सगळे मादीचे. २०११ साली आययूसीएनने या जातीची नोंद 'असुरक्षित' म्हणून केली होती.

आता कोणी म्हणेल, अरे, मार्लिन खरे मरतात ते व्यावसायिक बोटींच्या मैलोन्मैल लांब दोरांवर, तुझ्या एका माशाने काय होतं? मान्य. पण ते पोटासाठी जातात, मी टाईमपास म्हणून गेलो होतो. दोन्ही एका तराजूत कसे घालणार?

खेळ बंद करा असं मी म्हणत नाही. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असंही नाही. पण जाणार असाल तर पैसे भरण्याआधी जेटीवर तीन गोष्टी बोला. एक, मासा सोडणार का? दोन, फोटोसाठी त्याला पाण्याबाहेर ओढायचं नाही. बोटीच्या कडेला धरून हळूहळू पुढे न्यायचं, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहतं आणि त्याला दम मिळतो. आणि तीन, सोडला तर बोटवाल्यांचं जे नुकसान होईल ते आपण द्यायचं. आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांच्या खिशातून चालवायची नाही. प्रोजेक्टमध्ये रिक्वायरमेंट शेवटच्या दिवशी बदलणाऱ्या क्लायंटला आपण शिव्या घालतो ना? मी त्या दिवशी तोच क्लायंट होतो.

जेटीवर काढलेला फोटो अजून मोबाईलमध्ये आहे. मी हसतोय, मागे ती टांगलेली आहे. अजून कुठे टाकला नाही, आणि डिलीटही होत नाही.