खेळण्यांतील गुंतवणूक आणि चेन्नईची दमट हवा

चेन्नई : सोने, जमीन आणि मुदत ठेवी यांच्या जोडीला आता लेगोसारखे न उघडलेले खेळणीसंचही काही घरांत गुंतवणूक म्हणून जपले जात आहेत. उत्पादन थांबले की सीलबंद खोक्याची किंमत चढते, हा या व्यवहाराचा पाया. मॉस्कोतील अर्थशास्त्राच्या संशोधकांनी केलेल्या एका अभ्यासात १९८७ ते २०१५ या काळात लेगो संचांनी वर्षाला सरासरी किमान ११ टक्के, म्हणजे महागाई वजा जाता ८ टक्के परतावा दिल्याचे आढळले. तथापि, त्याच अभ्यासात काही संचांची किंमत निम्म्यावर आल्याचीही नोंद आहे. शिवाय घरात वर्षानुवर्षे खोके जपण्यासाठी येणारा खर्च अशा सरासरीतून दिसत नाही. चेन्नईत तो खर्च मोठा आहे.

या शहराचे खेळण्यांशी नाते जुने आहे. एमआरएफ समूहाची फनस्कूल ही कंपनी १९८७ पासून येथून कारभार पाहते; तिचा एक कारखाना गोव्यात आहे. या कंपनीने भारतात बनवलेल्या ‘जी. आय. जो’ मालिकेतील बाहुल्यांना आज परदेशी संग्राहकांकडून मागणी असते. पण त्या दुर्मीळ का झाल्या? त्या काळच्या मुलांनी पुठ्ठा फाडला, बाहुली खेळली, मोडली आणि विसरली. कोणी जपून ठेवले नाही, म्हणून जे उरले त्याला मोल आले. आज हजारो खरेदीदार तोच संच जपण्यासाठीच घेत असतील, तर टंचाई निर्माण होणार कशी, हा प्रश्न विक्रेते सहसा उपस्थित करत नाहीत.

दुसरा धोका खुद्द उत्पादकाकडून संभवतो. लेगोने २००८ मध्ये सुमारे ५,९०० तुकड्यांचा ताजमहाल बाजारात आणला. तो बंद झाल्यावर त्याचे भाव मूळ किमतीच्या कित्येक पट झाले. मात्र २०१७ मध्ये कंपनीने जवळपास तसाच संच पुन्हा काढला आणि जुन्या संचाचा भाव कोसळला. भारतीय खरेदीदाराची सुरुवातही महागात होते. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. परदेशातील विक्रीचे आकडे पाहून येथे नफ्याचे गणित मांडणे त्यामुळे फसवे ठरते.

एवढे सगळे जुळून आले, तरी खोके टिकले पाहिजे. आतील तुकडे कणखर प्लास्टिकचे असतात. चेन्नईच्या उन्हाळ्यातील तापमानाने ते वितळत नाहीत, मात्र थेट उन्हात पांढरे तुकडे पिवळे पडतात. नाजूक असतो तो पुठ्ठा, आणि संग्राहक किंमत मोजतो ती मुख्यतः त्याच्या कोऱ्या कडांसाठी. समुद्रकाठच्या दमट हवेत पुठ्ठा फुगतो, बुरशी धरतो. कसर आणि झुरळांना त्यातील खळ आवडते. माळ्यावर, तापलेल्या स्लॅबखाली खोकी ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवणे ही दुसरी. आतल्या खोलीत, भिंतीपासून थोडे अंतर सोडून, लोखंडी मांडणीवर खोकी ठेवावीत. एकावर एक रचू नयेत, खालचे दबते. आर्द्रतामापक स्वस्त मिळतो. काटा सतत साठच्या वर राहत असेल, तर सिलिका जेलच्या पुड्या घालून त्या वेळोवेळी बदलणे भाग आहे. ओलसर खोके प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळले, तर ओलावा आतच कोंडतो. डांबरगोळ्या मात्र टाळाव्यात. त्यांची वाफ काही प्लास्टिकांना अपायकारक ठरते. कोकणातील वाचकांना यातील बरेचसे पुस्तकांच्या कपाटावरून ठाऊक असेलच.

चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ मधील मिचौंग चक्रीवादळ यांत वेळाचेरीसारख्या सखल भागांतील तळमजल्यांवर पाणी शिरले. तेथे राहणाऱ्याने कितीही पुड्या घातल्या तरी उपयोग नाही. खोकी वरच्या मजल्यावरील नातेवाइकाकडे हलवणे हाच उपाय. २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पुराचे संरक्षण आहे. घराचा विमा घेतल्यास सामानासाठी त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, आपोआप धरले जातात. परंतु संग्राहक किमतीने भरपाई हवी असेल, तर मौल्यवान वस्तूंचे ऐच्छिक कलम घेऊन मूल्य आधीच ठरवून घ्यावे लागते.

कराचा मुद्दाही आहे. वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू, दागिने व कलाकृतींसारखे अपवाद सोडता, भांडवली मालमत्तेत मोडत नाहीत. मात्र ज्या खोक्याचे सील कधी तोडलेच नाही, ते वैयक्तिक वापरात होते, असे कर अधिकाऱ्याला पटवणे अवघड जाईल. खरेदीची पावती त्यामुळे जपलीच पाहिजे, आणि तीही खोक्यासोबत त्याच मांडणीवर नव्हे.