मोहफुलाचा गुन्हा कोणता?

उसाच्या मळीपासून दारू होते, म्हणून उसाला कोणी गुन्हेगार म्हणत नाही. द्राक्षांपासून मद्य होते. त्यासाठी तर महाराष्ट्र शासनाने २००१ साली स्वतंत्र धोरणच आखले. मग वनवासींच्या शेताबांधावर गळणाऱ्या मोहफुलांवरच सव्वाशे वर्षे पहारा का?

या पहाऱ्याचे मूळ परकीय राजवटीच्या तिजोरीत आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळपाला बंदी करून मद्याचा व्यवहार मक्तेदारांच्या हाती दिला. तेवढ्याने भागेना, तेव्हा १८९२ च्या मोहफूल कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावरच निर्बंध आणले. नीतिमत्ता हे केवळ निमित्त; खरी काळजी महसुलाची! इंग्रज गेले, तरी १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मोहफुलांवरील बंधने कायम राहिली. ती उठण्यासाठी २०२१ साल उजाडावे लागले.

शहरी सुशिक्षितांना मोह म्हटला की दारूच आठवते. वस्तुतः ‘मधुका’ प्रजातीतला हा वृक्ष म्हणजे वनवासींचे कोठार. चैत्राच्या पहाटे गळणारी गोड फुले वाळवून ठेवली की टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार होतो. बियांचे तेल स्वयंपाकाला, दिव्याला आणि साबणाला उपयोगी पडते. दक्षिणेत मोहाच्याच भावंडाचे, इलुप्पैचे तेल मंदिरांतील दिव्यांत जळत आले आहे.

दारूने संसार उद्ध्वस्त होतात, हे नाकारता येत नाही. गडचिरोलीत लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या आग्रहाने १९९३ मध्ये दारूबंदी झाली. तिचा आदर केलाच पाहिजे. परंतु दारूची शिक्षा फुलाला देण्यात कोणता न्याय?

निर्बंध उठले, एवढ्याने कर्तव्य संपत नाही. हंगामात हाती पैसा नसल्याने फुले मातीमोल भावाने व्यापाऱ्याच्या गोदामात जातात आणि पुढे तीच चढ्या दराने गावात परततात. २००६ च्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपजावरील मालकी मान्य केली खरी. पण मालकाकडे माल साठविण्याची जागाच नसेल, तर ती मालकी कागदावरच राहणार. ग्रामसभांच्या हाती साठवणगृहे, वाळवणीची सोय आणि तेलघाणे आले पाहिजेत. शेत काढतानाही ज्या समाजाने मोहावर कुऱ्हाड चालविली नाही, त्याला त्या वृक्षाचे पूर्ण मोल मिळवून देणे हे आपल्यावरील ऋण आहे. ते फेडण्यास आणखी किती चैत्र जाऊ द्यायचे?