मूठभर वाळू

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत हिशेबाचे टेबल सांभाळीत मी बरीच वर्षे काढली. ओतकामातले मला फारसे कळत नाही. परंतु एकाचे कसब दुसऱ्याच्या हाती कसे जाते, हे त्या टेबलावरून रोज पाहावयास मिळे.

आमच्याकडे एक वयस्क मोल्डर होते. मराठी आणि कानडी, दोन्हीकडची मुले त्यांना ‘मामा’च म्हणत. सकाळी कालवलेली वाळू ते मुठीत घट्ट दाबीत, मूठ उघडीत आणि त्या गोळ्याचे दोन तुकडे करून कड निरखीत. कड स्वच्छ तुटली, बोटांचे ठसे नीट उमटले आणि तळहाताला चिकटले नाही, की साचे भरावयास हरकत नाही. पाणी अधिक झाले तर तप्त लोखंड ओतताच त्याची वाफ होते आणि कास्टिंगच्या पोटात पोकळ्या राहतात. ओलावा मोजण्याचे यंत्र होतेच. पण बेळगावच्या आषाढात यंत्राचा आकडा येईतो हवा पालटलेली असते, असे मामांचे म्हणणे. (यात थोडी अतिशयोक्ती होती. त्या यंत्राने मामांनाही एकदोनदा खोटे पाडलेले मी पाहिले आहे.)

२०२० साली साथीच्या दिवसांत पाळ्या वेगळ्या झाल्या, एका पाळीची माणसे दुसरीला भेटेनाशी झाली, आणि मालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कारखान्याचा गट काढला. आरंभी त्याचा लाभच झाला. आपल्या सीमाभागातील एक अडचण वाचकांना ठाऊकच आहे : आमच्या कारखान्यात बहुतेकांना दोन्ही भाषा बोलता येत, परंतु शाळा ज्या भाषेतली तेवढीच लिपी वाचता येई. फळ्यावर कानडीत लिहिलेली सूचना मामांना वाचता येत नसे. मराठीतली त्यांच्या कानडी मदतनिसाला. गटावर सारे बोलूनच संदेश धाडू लागले आणि ती अडचण आपोआप सरली. पावसाळ्यात वाळूत पाणी केव्हा व किती घालावे, हे मामांनी अर्धे मराठी, अर्धे कानडी असे तीन मिनिटे सांगितले. जे ज्ञान आजवर त्यांच्या हाताखालच्या दोघांनाच मिळत होते, ते रात्रपाळीच्या मुलांनी जेवणाच्या सुट्टीत पुन:पुन्हा ऐकले.

पुढे एका रात्री गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या कास्टिंगचे छायाचित्र गटावर झळकले. खाली मामांचे नाव आणि अधिकाऱ्याचे दोन कठोर शब्द. पूर्वीही चुका होत आणि बोलणी बसत. परंतु ती भट्टीच्या आडोशाला, आणि मागाहून चहा येई. हे चाळीस जणांनी एकाच वेळी वाचले. कोणी उत्तर दिले नाही. मामांनी तर नाहीच. त्यानंतर गटावर ‘हो साहेब’ आणि जोडलेल्या हातांची चित्रे पुष्कळ दिसत. शंका विचारणे मात्र थांबले. ज्याला येत नाही त्याने ते चारचौघांत कबूल करावे कसे? नवी मुले यूट्यूबवर शोधू लागली. तिथली वाळू आमच्या वाळूसारखी असतेच असे नाही.

कारखान्याने आपल्या माणसांशी बोलावे, ही कल्पना या मुलखाला नवी नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावातच सायकलींचे दुकान काढले. १९१० साली कारखाना किर्लोस्करवाडीस गेला आणि तेथून १९२० मध्ये शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याचे ते पत्रक पुढे मराठी घराघरांतले मासिक झाले. त्यातला शब्द छापण्यापूर्वी संपादकाच्या नजरेखालून जाई. गटावर अंगठा आणि संताप यांच्यामध्ये कोणी उभे नसते.

मामा निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळ दिले, आणि त्याच सायंकाळी कोणीतरी नियमानुसार त्यांचे नाव गटातून काढले. घरी जाऊन फोन पाहीपर्यंत त्यांना ते कळलेही नव्हते. त्यांचा तो तीन मिनिटांचा संदेशही, ज्यांनी फोन बदलले त्यांच्याकडून हरवला.

पुढच्या पावसाळ्यात पोकळ्या पुन्हा दिसू लागल्या. त्यांच्या जुन्या कानडी मदतनिसाने कोणाला न विचारता मामांना फोन लावला आणि वाळूचे छायाचित्र पाठवतो म्हणाला.

“फोटो काय करायचाय? मूठभर वाळू घेऊन ये की!” मामा म्हणाले.

रविवारी तो पोरगा वाळू पिशवीत घट्ट बांधून, डोक्यावर रेनकोट ओढून, मोटारसायकलवर निपाणीजवळच्या त्यांच्या गावी गेला. जेवूनच परतला. येताना मामीने दिलेली मिरच्यांची पुडी त्याच पिशवीत होती.